यकृताचा पुन्हा उद्भवलेला कर्करोग : रेडिओफ्रिक्वेन्सी उपचारपद्धतींचा तौलनिक विचार



कर्करोगाचे निदान प्रथम कानावर पडते तेव्हा सारे कुटुंब हादरते. तरीही त्या वेळी शस्त्रक्रियेची आशा असते, आप्तेष्टांची धावपळ असते, रुग्णाचे मनोबल टिकून असते. यथावकाश रुग्ण बरा होऊन घरी येतो, पुन्हा दुकानात बसू लागतो, आणि वर्ष-दीड वर्षाने एका तपासणीत डॉक्टर सांगतात, ‘यकृतात पुन्हा एक गाठ दिसते आहे.’ पहिल्या आघातापेक्षा हा दुसरा आघात अधिक खोल असतो. ‘परत आला म्हणजे आता काही उरले नाही. या वयात त्यांना आणखी त्रास कशाला द्यायचा?’ असे घरातील कोणी जड अंतःकरणाने म्हणतो आणि पुष्कळदा तेथेच उपचारांचा विचार थांबतो.

यकृताच्या कर्करोगात ही घाई रुग्णाच्या आयुष्याची काही वर्षे हिरावून घेऊ शकते. गाठ लहान असताना सापडली आणि उरलेले यकृत नीट काम करीत असेल, तर पुन्हा उद्भवलेल्या कर्करोगावरही परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत. त्यांपैकी सुईभोवती उष्णता निर्माण करून गाठ जागच्या जागी नष्ट करणारा उपचार म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी ॲब्लेशन. रुग्णालयांत तो ‘आरएफए’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. या उपचाराच्या अनेक पद्धती आहेत. कोणती पद्धत कोणत्या रुग्णास उपयुक्त, तिच्या मर्यादा कोणत्या आणि कुटुंबाने डॉक्टरांशी कोणत्या मुद्द्यांवर बोलावे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

निर्व्यसनी घरात यकृताचा कर्करोग कसा?

विवेचन सुलभ व्हावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे होईल. बाजारपेठेत भुसार मालाचे दुकान चालविणारे ६२ वर्षांचे एक गृहस्थ. आयुष्यात मद्याचा थेंब घेतलेला नाही, आहार शुद्ध शाकाहारी. त्यांना यकृताचा कर्करोग झाला तेव्हा नातलगांना आश्चर्य वाटले आणि काहींच्या नजरेत नको ती शंकाही उमटली. रक्ततपासणीत कारण सापडले. त्यांच्या शरीरात हिपॅटायटिस बी या विषाणूचा जुना संसर्ग होता. हा विषाणू जन्मसमयी मातेकडून बालकास, तसेच निर्जंतुक न केलेल्या सुईतून किंवा तपासणी न केलेल्या रक्तातून शरीरात शिरतो आणि कोणतेही लक्षण न दाखविता अनेक दशके यकृतात राहू शकतो.

हिपॅटायटिस बी व सी, मद्यपान, मधुमेह व स्थूलतेसोबत यकृतात साठणारी चरबी आणि बुरशी लागलेल्या भुईमूग-मक्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष, ही या कर्करोगाची प्रमुख कारणे होत. यांतील मद्य वगळता उरलेली सर्व कारणे निर्व्यसनी घरातही प्रवेश करू शकतात. म्हणून या रोगाची लाज बाळगण्याचे अथवा तो लपविण्याचे कारण नाही. या कारणांमुळे यकृत वर्षानुवर्षे झिजते, त्यात घट्ट तंतू वाढतात आणि ते टणक होते. या अवस्थेला सिरोसिस म्हणतात. कर्करोग बहुधा अशा आजारी यकृतातच उद्भवतो.

पुन्हा का उद्भवतो?

शेतातील तण उपटले, तरी जमिनीत पडलेले बी शिल्लक राहते आणि जमीनही तीच राहते. यकृताच्या कर्करोगाचे तसेच आहे. शस्त्रक्रियेने गाठ पूर्ण काढल्यानंतरही ५ वर्षांच्या आत सुमारे ७० टक्के रुग्णांत रोग पुन्हा दिसतो. पहिल्या २ वर्षांत आलेली गाठ बहुधा पूर्वीच्या गाठीतून रक्तावाटे पसरलेल्या सूक्ष्म पेशींची असते. त्यानंतर येणारी गाठ पुष्कळदा आजारी यकृतात स्वतंत्रपणे जन्मलेली, म्हणजे नवा कर्करोग असते. तिसरा प्रकार म्हणजे पूर्वी उपचार केलेल्या जागेच्या कडेलाच शिल्लक राहिलेल्या पेशी वाढणे. हे तीन प्रकार ओळखणे महत्त्वाचे असते, कारण प्रत्येकाचा अर्थ आणि पुढील उपचार वेगळा असू शकतो.

रोग परतू नये म्हणून औषधे देण्याचे प्रयत्न झाले आहेत. सोराफेनिब या गोळीच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले; तिचा उपयोग झाला नाही. ॲटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब या दोन इंजेक्शनांच्या जोडीने २०२३ मध्ये आशा निर्माण केली. परंतु रुग्णांचा अधिक काळ पाठपुरावा केल्यावर तो लाभ टिकला नाही. मूळ विषाणूवरील औषध मात्र अवश्य घ्यावयाचे असते. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाने एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर नियमित घेतल्यास यकृताची झीज रोखली जाते आणि उशिरा येणाऱ्या नव्या गाठींचा धोका कमी होतो. याखेरीज सर्वांत मोठा आधार आहे तो नियमित तपासणीचा.

वर उल्लेखिलेल्या गृहस्थांच्या यकृताचा एक भाग शस्त्रक्रियेने काढला होता. दीड वर्षाने, ठरलेल्या तारखेच्या सीटी स्कॅनमध्ये, उरलेल्या यकृतात १.८ सेंटीमीटरची नवी गाठ आढळली. त्यांना काहीही त्रास होत नव्हता. येथून पुढचा सारा विचार या गाठीभोवती फिरतो.

उष्णतेचे कार्य

घरातील वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते आणि तिचा धक्का बसतो. हीच दिशा सेकंदाला काही लाख वेळा बदलू लागली, तर स्नायूंना धक्का बसत नाही, फक्त उष्णता निर्माण होते. फ्रेंच शास्त्रज्ञ आर्सेन दार्सोनव्हाल यांनी १८९१ मध्ये उच्च वारंवारितेच्या विद्युत्प्रवाहाचा हा गुणधर्म दाखविला. १९९० मध्ये अमेरिकेतील मॅकगहान आणि इटलीतील रोसी यांच्या गटांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, सुईवाटे असा प्रवाह सोडून प्राण्यांच्या यकृताचा ठरावीक भाग नष्ट करता येतो हे सिद्ध केले. थोड्याच वर्षांत हा उपचार रुग्णांसाठी वापरला जाऊ लागला.

उपचाराची रीत अशी. रुग्णास भूल दिली जाते. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या पडद्यावर पाहत त्वचेतून सुई गाठीपर्यंत नेली जाते. सेकंदाला सुमारे साडेचार ते पाच लाख आवर्तनांचा प्रवाह सोडला की सुईभोवतीच्या पेशींतील विद्युत्भारित कण वेगाने हेलकावतात आणि त्यांच्या घर्षणाने ऊतक तापते. तापमान ६० अंश सेल्सियसच्या वर गेले की पेशी जवळजवळ तत्काळ मरतात. मात्र ते १०० अंशांच्या पुढे गेले तर पाण्याची वाफ होते, सुईलगतचे ऊतक करपते आणि करपलेला थर प्रवाह अडवतो. मग उष्णता दूरवर पोहोचत नाही. आच मंद ठेवली तर भाकरी कच्ची राहते आणि भडकविली तर बाहेरून करपून आत कच्ची राहते, असाच हा पेच आहे. आरएफएच्या निरनिराळ्या पद्धती या एका पेचावरील निरनिराळी उत्तरे आहेत.

दुसरी गोष्ट सुरक्षित कडेची. दिसणारी गाठ तेवढी जाळून भागत नाही. तिच्या चहूबाजूंनी किमान ५ मिलिमीटर निरोगी ऊतकही नष्ट करावे लागते, कारण सूक्ष्म पेशी तेथे दडलेल्या असू शकतात. त्यामुळे २ सेंटीमीटरच्या गाठीसाठी ३ सेंटीमीटर व्यासाचा गोल जाळावा लागतो. त्याचे आकारमान सुमारे १४ घन सेंटीमीटर भरते. गाठ ४ सेंटीमीटरची असेल तर ५ सेंटीमीटरचा गोल लागतो आणि आकारमान सुमारे ६५ घन सेंटीमीटर होते. व्यास दुप्पट झाला, तर जाळावयाचा भाग साडेचार पटींहून अधिक वाढतो. आरएफएमध्ये ३ सेंटीमीटर या मर्यादेला इतके महत्त्व का, ते या हिशेबावरून ध्यानात येते.

सुयांचे प्रकार

पहिला प्रकार छत्रीसारख्या उघडणाऱ्या सुईचा. गाठीत शिरल्यावर तिच्या टोकातून बारीक वाकड्या तारा बाहेर पसरतात आणि उष्णता एकाच वेळी अनेक बिंदूंवर निर्माण होते. एका सुईत मोठा भाग व्यापता येतो, हा तिचा लाभ. परंतु सिरोसिसच्या टणक यकृतात सर्व तारा सारख्या पसरतीलच असे नाही. शिवाय जवळ आतडे किंवा मोठी रक्तवाहिनी असल्यास प्रत्येक तारेच्या टोकावर लक्ष ठेवणे अवघड जाते.

दुसरा प्रकार आतून थंड ठेवलेल्या सरळ सुईचा. सुईच्या पोकळीतून थंड पाणी सतत फिरविले जाते. त्यामुळे सुईलगतचे ऊतक करपत नाही आणि प्रवाह अधिक काळ, अधिक दूर पोहोचतो. सुई सरळ असल्याने टोक कोठे आहे ते स्पष्ट दिसते. एका सुईने मिळणारा गोल लहान असतो, म्हणून मोठ्या गाठीसाठी अशा तीन सुया जवळजवळ बसवून केलेला जुडगा वापरतात किंवा सुई जागा बदलून पुन्हा पुन्हा टोचावी लागते.

तिसरा प्रकार ओल्या सुईचा. तिच्या बारीक छिद्रांतून मिठाचे निर्जंतुक पाणी ऊतकात झिरपत राहते. खारे पाणी विद्युत्वाहक असल्याने प्रवाह चांगला पसरतो आणि ऊतक कोरडे पडत नाही. मात्र हे पाणी कोणत्या दिशेला झिरपेल यावर पूर्ण नियंत्रण नसल्यामुळे जळणाऱ्या भागाचा आकार कधी अनियमित होतो.

प्रवाहाची वाट आणि गाठीला न शिवणारी पद्धत

सुईच्या प्रकाराइतकीच प्रवाहाची वाट महत्त्वाची असते. जुन्या व सर्वाधिक प्रचलित एकध्रुवी पद्धतीत प्रवाह सुईतून निघून मांड्यांवर चिकटविलेल्या पट्ट्यांवाटे परत जातो. अनेक सुया असल्यास यंत्र आळीपाळीने एकेका सुईत प्रवाह सोडते आणि त्यामुळे कमी वेळात मोठा भाग तापतो. द्विध्रुवी व बहुध्रुवी पद्धतीत प्रवाह एका सुईतून दुसऱ्या सुईत जातो. मांडीवर पट्ट्या लागत नाहीत आणि उष्णता मुख्यतः सुयांच्या मधल्या भागात एकवटते.

या बहुध्रुवी रचनेतून एक वेगळा विचार पुढे आला. गाठीच्या मध्यभागी सुई खुपसण्याऐवजी दोन, तीन किंवा अधिक सुया गाठीच्या बाहेर, तिच्या सभोवती बसवायच्या आणि बाहेरून आत अशी उष्णता द्यायची. गावाला लागलेली आग गावकुसाबाहेर जाऊ नये म्हणून प्रथम सीमा राखावी, तसे हे आहे. प्रचलित पद्धतीत उष्णता मध्यभागी सर्वाधिक आणि कडेला सर्वांत कमी असते; कर्करोग परततो तो मात्र कडेलाच. गाठीला न शिवणाऱ्या पद्धतीत कडा प्रथम आणि पक्की जळते. शिवाय सुई गाठीतून जात नसल्याने कर्कपेशी सुईबरोबर बाहेर ओढल्या जाण्याचे भय कमी होते. हे भय निराधार नाही. बार्सिलोना येथील ३२ रुग्णांच्या २००१ मधील अभ्यासात ४ रुग्णांच्या सुईच्या मार्गात कर्करोग रुजल्याचे आढळले होते. त्यांत यकृताच्या पृष्ठभागालगतच्या गाठींचा वाटा मोठा होता. पुढील काळात तंत्र सुधारले आणि मोठ्या अभ्यासांत हे प्रमाण बरेच कमी दिसले.

फ्रान्समधील रुग्णालयांच्या नोंदींवर आधारित एक तुलना २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. लहान गाठींमध्ये, गाठीला न शिवणाऱ्या बहुध्रुवी पद्धतीनंतर उपचाराच्या जागी रोग परतण्याचे प्रमाण एकध्रुवी पद्धतीपेक्षा कमी आढळले. दक्षिण कोरियातील वैद्यकांनी ओल्या जोडसुया वापरून हीच पद्धत अभ्यासली आहे. परंतु हा लाभ विनामूल्य नसतो. सुया अधिक म्हणजे टोचण्याच्या जागा अधिक; ज्यांचे रक्त उशिरा गोठते अशा सिरोसिसच्या रुग्णांत रक्तस्रावाची काळजी वाढते. गाठीभोवती सुया बसविण्यास पुरेसे यकृत असावे लागते आणि निरोगी ऊतकही अधिक खर्ची पडते. ज्याच्या यकृताचा मोठा भाग आधीच काढला आहे, त्याच्या बाबतीत हा हिशेब बारकाईने करावा लागतो.

पुनरुद्भवातील विशेष अडचणी

पहिल्यांदा आलेली गाठ आणि शस्त्रक्रियेनंतर पुन्हा आलेली गाठ यांत एक मोठा फरक आहे. जेथून यकृत कापले तेथे जठर किंवा मोठे आतडे चिकटून बसलेले असू शकते. एरवी दूर असणारे आतडे गाठीला लागून असेल तर उष्णतेने त्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. अशा वेळी यकृत व आतडे यांच्यामध्ये निर्जंतुक द्राव सोडून अंतर निर्माण करतात. त्यासाठी खारे पाणी टाळून ५ टक्के साखरेचे, म्हणजे डेक्स्ट्रोजचे पाणी वापरतात, कारण ते विद्युत्वाहक नसते. चिकटलेले भाग अशाने सुटत नसतील तर दुर्बिणीद्वारे किंवा पोट उघडून, प्रत्यक्ष पाहत आरएफए करण्याचा मार्ग असतो. श्वासपटलाखाली दडलेल्या आणि त्वचेवरून नीट न दिसणाऱ्या गाठींनाही तो उपयोगी पडतो.

गाठ ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या रक्तवाहिनीला लागून असेल तर वाहते रक्त उष्णता वाहून नेते. नदीकाठची माती उन्हातही ओलसर राहते, तशा तेथील कर्कपेशी वाचतात. पूर्वीच्या आरएफएनंतर कडेला रोग परतला असेल आणि कारण ही रक्तवाहिनी असेल, तर तीच पद्धत तशीच पुन्हा वापरणे योग्य ठरत नाही. तेथे सुयांची रचना बदलण्याचा किंवा दुसऱ्या उपचाराचा विचार करावा लागतो. मुख्य पित्तनलिकांजवळच्या गाठींमध्ये नलिका भाजून पुढे अरुंद होण्याचे भय असते; तेथे आरएफए शक्यतो टाळतात.

इतर उपचारांशी तुलना

पुन्हा शस्त्रक्रिया करावी की आरएफए, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबास पडतो. चीनमध्ये झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर प्रारंभिक अवस्थेत पुन्हा कर्करोग आलेल्या २४० रुग्णांचे चिठ्ठी पद्धतीने दोन गट पाडण्यात आले. पुन्हा शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ५ वर्षांनी ४३.६ टक्के, तर आरएफए झालेल्यांपैकी ३८.५ टक्के रुग्ण हयात होते. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक निर्णायक ठरला नाही. उपचारानंतरच्या गुंतागुंती मात्र शस्त्रक्रियेत २२.४ टक्के आणि आरएफएमध्ये ७.३ टक्के होत्या. गाठ ३ सेंटीमीटरहून मोठी असेल किंवा रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन फार वाढलेले असेल, तर शस्त्रक्रियेचे पारडे जड होते, असाही निष्कर्ष त्यात निघाला. लहान गाठ असलेल्या, वय झालेल्या वा यकृत दुबळे असलेल्या रुग्णास आरएफए हा कमी त्रासाचा आणि जवळजवळ तोडीचा पर्याय आहे; मोठ्या गाठीत, प्रकृती उत्तम असल्यास, शस्त्रक्रियेचा विचार सोडू नये.

गाठ ३ ते ५ सेंटीमीटरची असून शस्त्रक्रिया शक्य नसेल तर दोन उपचारांची जोड देतात. यकृताला बहुतांश रक्त पोर्टल शिरेतून मिळते, तर कर्करोगाची गाठ मुख्यतः यकृत-धमनीवर पोसली जाते. मांडीच्या सांध्यातील धमनीतून बारीक नळी नेऊन गाठीकडे जाणाऱ्या धमनीत औषध सोडतात आणि तिचा रक्तपुरवठा रोखतात. याला टेस म्हणतात. रक्तप्रवाह मंदावल्यावर आरएफएची उष्णता वाहून जात नाही. पुन्हा उद्भवलेल्या, ५ सेंटीमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या १३९ रुग्णांवर चीनमध्येच झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जोड-उपचारानंतर ५ वर्षांनी ४६ टक्के आणि केवळ आरएफएनंतर ३६ टक्के रुग्ण हयात होते. हा लाभ ३ सेंटीमीटरहून मोठ्या गाठींत दिसला; लहान गाठींत एकट्या आरएफएनेही तेवढेच साधले.

अलीकडे मायक्रोवेव्ह उपचाराचा प्रसार झाला आहे. तो अधिक वेगाने तापवतो आणि रक्तवाहिनीजवळ त्याची उष्णता कमी वाया जाते. फ्रान्स व स्वित्झर्लंडमधील रुग्णालयांत ४ सेंटीमीटरपर्यंतच्या गाठींवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, २ वर्षांनी उपचाराच्या जागी रोग वाढल्याचे प्रमाण मायक्रोवेव्हमध्ये ६ टक्के आणि आरएफएमध्ये १२ टक्के होते. रुग्णसंख्या पाहता हा फरकही निर्णायक मानला गेला नाही. दक्षिण कोरियात पुन्हा उद्भवलेल्या वा शिल्लक राहिलेल्या लहान गाठींच्या १४४ रुग्णांवर प्रोटॉन किरणोपचार आणि आरएफए यांची तुलना झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गाठ जागेवर रोखून धरण्यात प्रोटॉन उपचार आरएफएहून उणा ठरला नाही. सुई जेथे पोहोचू शकत नाही अशा गाठींसाठी ही आशादायक गोष्ट आहे. यकृतच फार निकामी झाले असेल तर यकृत प्रत्यारोपण हा मार्ग असतो. त्यासाठी गाठींची संख्या व आकार मर्यादेत असावा लागतो.

या सर्व अभ्यासांतून एक सूत्र निघते. यंत्रे आणि सुया यांच्यातील फरक आहेत, परंतु ते बहुधा काही टक्क्यांचे आहेत. गाठ २ सेंटीमीटरची असताना सापडली की ५ सेंटीमीटरची झाल्यावर, या फरकापुढे ते लहान ठरतात. कुटुंबे पुष्कळदा ‘सर्वांत नवे यंत्र कोणत्या रुग्णालयात आहे?’ याचा शोध घेत आठवडे घालवतात. हाताशी असलेल्या पद्धतीत निष्णात असलेला वैद्यक आणि वेळेवर झालेला उपचार यांचे मोल त्याहून अधिक आहे.

धोके किती?

इटलीतील ४१ केंद्रांमधील २,३२० रुग्णांचा अनुभव २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६ रुग्ण, म्हणजे ०.३ टक्के, दगावले आणि २.२ टक्क्यांना मोठी गुंतागुंत झाली. पोटात रक्तस्राव, यकृतात पू होणे, आतड्यास छिद्र पडणे या त्यातील गंभीर बाबी होत. पित्तनलिका आतड्यास जोडण्याची शस्त्रक्रिया पूर्वी झालेल्या रुग्णांत पू होण्याचा धोका अधिक असतो. ती माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगावी. उपचारानंतर काही दिवस हलका ताप, उजव्या कुशीत दुखणे आणि थकवा येणे स्वाभाविक असते. थंडी वाजून जोराचा ताप आला, पोट फार दुखले वा फुगले, कावीळ दिसली, तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आहार, उपवास आणि यकृत

आपल्या समाजातील रुग्णांसाठी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. निरोगी यकृत रात्रीच्या उपवासासाठी साखरेचा साठा राखून ठेवते. सिरोसिसच्या रुग्णाच्या यकृतात हा साठा तुटपुंजा असतो. काही तासांतच शरीर स्वतःच्या स्नायूंतील प्रथिने मोडून गरज भागवू लागते. स्नायू झिजले की उपचार सोसण्याची शक्तीही घटते. म्हणून अशा रुग्णाने फार काळ उपाशी राहू नये आणि झोपण्यापूर्वी थोडा आहार घ्यावा, असे पोषणविषयक वैद्यकीय मार्गदर्शन आहे. चौविहार पाळून सकाळी नवकारशीनंतर आहार घेणाऱ्या रुग्णाचे हे अंतर हिवाळ्यात सुमारे १४ तासांचे होते. पर्युषणातील दीर्घ उपवासाचा प्रश्न तर याहून गंभीर आहे.

व्रतनियम रुग्णाच्या श्रद्धेचा आणि मनःशांतीचा भाग असतात. म्हणून येथे घरच्यांनी हट्ट करणे किंवा रुग्णाने डॉक्टरांपासून लपविणे, दोन्ही टाळावे. आपला नित्यनियम डॉक्टरांना स्पष्ट सांगावा, यकृताची अवस्था समजून घ्यावी आणि गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घेऊन निर्णय करावा. दूध, दही, पनीर, डाळी यांतून पुरेशी प्रथिने शाकाहारातही मिळतात. सूर्यास्तापूर्वीचे भोजन पौष्टिक असावे. यकृत ‘शुद्ध’ करणारी अनोळखी चूर्णे व भस्मे मात्र डॉक्टरांना दाखविल्याशिवाय घेऊ नयेत.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न

पुन्हा गाठ आढळल्यावर कुटुंबाने पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत.

१. गाठी किती आहेत आणि सर्वांत मोठी किती सेंटीमीटरची आहे?
२. ही जुन्या जागेच्या कडेची वाढ आहे की दुसरीकडे आलेली नवी गाठ?
३. उरलेल्या यकृताची कार्यक्षमता कशी आहे? बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा काळ आणि पोटातील पाणी यांची स्थिती काय?
४. गाठीजवळ मोठी रक्तवाहिनी, पित्तनलिका किंवा आतडे आहे काय, आणि त्यासाठी कोणती खबरदारी घेतली जाईल?
५. शस्त्रक्रिया, आरएफए, मायक्रोवेव्ह, टेस यांपैकी हीच पद्धत का? शल्यविशारद, यकृततज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र विचार केला आहे काय?
६. उपचारानंतर गाठीभोवती पुरेशी कडा जळाली आहे हे केव्हा आणि कोणत्या तपासणीने पाहिले जाईल?

खर्चाविषयी संकोच न बाळगता शासकीय योजनांची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला असून त्याअंतर्गत हिपॅटायटिस बी व सी यांची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. घरातील एकास हिपॅटायटिस बी असल्यास इतर सर्वांनी तपासणी करून घ्यावी आणि संसर्ग नसलेल्यांनी प्रतिबंधक लस घ्यावी.

समारोप

पुन्हा त्या दुकानदार गृहस्थांकडे वळू या. त्यांची गाठ १.८ सेंटीमीटरची होती, रक्तवाहिन्यांपासून दूर होती आणि यकृत चांगले काम करीत होते. अशा रुग्णास दोन-तीन दिवसांच्या रुग्णालयातील मुक्कामात आरएफए होऊ शकते. महिन्याभराने स्कॅन करून कडा तपासली जाते. त्यानंतर पहिली २ वर्षे साधारणतः दर ३ महिन्यांनी आणि पुढे सहसा दर ६ महिन्यांनी तपासणी होते. पुढे कधी तिसरी गाठ आली, तरी ती लहान असताना सापडल्यास हाच उपचार पुन्हा करता येतो. आरएफएचे हे मोठे वैशिष्ट्य आहे. तो यकृताचा थोडाच भाग खर्ची घालतो आणि पुढच्या प्रसंगासाठी जागा राखून ठेवतो.

आता हेच गृहस्थ दिवाळीच्या हंगामामुळे, ‘बरे तर वाटते आहे, नंतर पाहू’ असे म्हणून, दोन तपासण्या चुकवून गेले असते तर? ती गाठ दुखली नसती, कावीळ झाली नसती, भूकही मंदावली नसती. ती शांतपणे वाढत राहिली असती आणि कळली असती तेव्हा कदाचित साडेचार सेंटीमीटरची होऊन रक्तवाहिनीत शिरलेली असती. मग विवेचनात आलेल्या सुयांपैकी कोणतीही सुई पुरेशी पडली नसती.

म्हणून ज्या घरात यकृताच्या कर्करोगाचा उपचार होऊन गेला आहे, त्या घरातील दिनदर्शिकेवर पुढील तपासणीची तारीख ठळक अक्षरांत लिहिलेली असावी आणि ती पाळण्याची जबाबदारी रुग्णाइतकीच मुलांनी व सुनांनीही घ्यावी. ज्यांना हिपॅटायटिस बी वा सिरोसिस आहे, परंतु कर्करोग झालेला नाही, त्यांनीही दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी व अल्फा-फीटोप्रोटीन तपासणी करावी किंवा कसे, हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. ‘पुन्हा आला’ हे शब्द ऐकून हताश होण्यापूर्वी ‘किती मोठा, कोठे आणि यकृत कसे आहे?’ हे तीन प्रश्न विचारले गेले, तरी या व्याख्यानाचा हेतू सफल होईल.